धाकट्या डब्याचा मान

हरिश्चंद्र शिवलकरला आळीत सगळे रेडिओ-हरी म्हणत. सव्वीस वर्षं तो आगबोटींवर रेडिओ ऑफिसर होता. कानाला टोपणं लावून जगभरची टिकटिक ऐकायची आणि ती वहीत उतरवून काढायची, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. कायमचा घरी परतला तेव्हा दोन गोष्टी घेऊन आला. एक जपानी रेडिओ, जो रत्नागिरीत कधी धड लागला नाही; आणि गप्प बसायची सवय, जी कधी सुटली नाही. बायको सावित्री म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा. आपलाच आपल्याकडे परत येतो."

ही कसर भरून काढायला देवाने दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे गंगुबाई पावसकर दिली होती. गंगुबाईचं तोंड एकदा सुरू झालं की मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरची इंजिनं बंद करून ऐकावं. मधल्या गडग्यावर ती सुकत घालायची कधी आमसुलं, कधी बोंबील, आणि बारा महिने हरिश्चंद्रची अब्रू.

"काय रे हरी, चाललास डब्याची पूजा करायला?" तो सकाळी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत निघाला की ती विचारणारच. "सावित्रीला कधी एवढं पुसून ठेवलं नाहीस."

हरिश्चंद्र हसायचा आणि चपला घालायचा. त्या डब्यात, म्हणजे सोसायटीतल्या कॉम्प्युटरात, काय आहे ते गंगुबाईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही हसायची, की ठाऊक असल्यामुळेच हसायची, हे मात्र तिने कोणाला कळू दिलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. पाऊस सरता सरता एक बोट बुडाली. बोटीवर पाच जण होते, म्हणजे असं सगळे म्हणत होते. कारण तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, रीत अशी की पहाटे धक्क्यावर जो खलाशी हजर असेल तो घ्यायचा. ज्याचं डोकं दुखतंय त्याच्या जागी ज्याचं दुखत नाही तो. लिहून कोण ठेवतो? तांडेलाला तोंडपाठ असतं, आणि त्या खेपेला तांडेलच बुडाला. गंगुबाईचा नवरा महादेव त्या बोटीवर होता, त्याचा देह तिसऱ्या दिवशी ओळखू येईल असा लागला. चौथ्या दिवशी आणखी एक देह किनाऱ्याला लागला, तो ओळखू येण्यासारखा नव्हता. हरिश्चंद्रचा धाकटा भाऊ दादू त्या बोटीवर गेला होता, तेव्हा तो दादूच, असं सगळ्यांनी ठरवलं. हरिश्चंद्र सिंगापूरहून विमानाने आला, डोकं भादरलं आणि भावाला अग्नी दिला.

नवव्या दिवशी दुपारी दादू घरात शिरला. काखेत सुक्या मासळीची टोपली. त्या पहाटे तांडेलाशी शिवीगाळ करून तो दुसऱ्याच होडीवर चढला होता आणि इतके दिवस दाभोळला मेव्हण्याकडे जेवत होता. स्वतःच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "फोटो बरा निवडलाव." आळी रडता रडता हसायला लागली. पुढे वर्षभर हा किस्सा लग्नकार्यात मीठमसाला लावून सांगितला गेला. दादू स्वतःच सगळ्यात रंगवून सांगायचा.

फक्त हरिश्चंद्र हसला नाही. दादू नव्हता, तर मग आपण अग्नी कोणाला दिला?

उत्तर पुढच्या महिन्यात संगमेश्वरकडून एस.टी.ने आलं. रावजी नावाच्या खलाशाची बायको होती ती. नवरा पगार पाठवीना म्हणून शोधत आली होती. दादूच्या जागी तांडेलाने रावजीला घेतलं होतं. ती बाई शिवलकरांच्या पडवीत बसली आणि एवढंच म्हणाली, "काय घातलं होतं हो अंगात? निळा शर्ट होता?" हरिश्चंद्रला आठवेना. सव्वीस वर्षं जगभरची टिकटिक वहीत उतरवणारा माणूस, आणि त्याला त्या शर्टाचा रंग सांगता येईना.

म्हणून नोकरी सुटल्यावर तो मच्छीमार सोसायटीत बिनपगारी जाऊन बसला आणि चेअरमन भास्करशेठांच्या मागे लागून त्याने एक नियम करवून घेतला. बोट सुटण्याआधी तांडेल सोसायटीच्या खिडकीशी बर्फ घ्यायला येतो. तिथे त्याने बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव सांगायचं. नाव नाही तर बर्फ नाही. आधी शिव्या पडल्या. मग सवय पडली. कोण कुठल्या बोटीवर, हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी नक्की कळू लागलं.

दहा वर्षं ते वहीत होतं. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत भास्करशेठांचा मुलगा शार्दूल पुण्याहून आला. कंपनीने काढून टाकलेला एक थोराड सर्व्हर त्याने गाडीत घालून आणला. कपाटाएवढं वजन आणि पिठाच्या गिरणीएवढा आवाज. त्याने त्या एका सर्व्हरच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन मांडून दिली. दिसायला मशीन एक, वागायला तीन. एक बर्फाचं, एक डिझेलच्या कुपनांचं आणि एक खलाशांच्या नावांचं. सोबत एक लहानसा काळा डबा आणला, नेटवर्क स्टोरेज. मोठ्या सर्व्हरमधल्या तिन्ही मशीनची नक्कल रोज संध्याकाळी सहाला वायरीतून त्या डब्यात जायची. थोरला मेलाच, तर धाकट्याकडून सगळं परत उभं करायचं.

"काका, एकच लक्षात ठेवा," शार्दूल म्हणाला होता. "लाइट गेली आणि दोन्ही बंद पडले, तर आधी धाकटा सुरू करायचा. त्याला उठायला पाच मिनिटं लागतात. त्याचा दिवा हिरवा झाला की मग थोरला. उलटं करायचं नाही."

"उलटं केलं तर?"

"थोरला त्याला हाक मारेल, तो झोपलेला असेल. मग थोरला आपल्या मार्गाने जाईल."

हरिश्चंद्रने हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि सात महिने अगदी तसंच केलं.

मग आला दसरा.

सोसायटीत दसऱ्याला सगळी यंत्रं बंद करून पुजायची पद्धत. बर्फाचा चुरा करायचं मशीन, वजनकाटा, चेअरमनांची गाडी, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच थोरला-धाकटा. लीलाने, म्हणजे खिडकीवर नावं टाइप करणाऱ्या देवरुखच्या मुलीने, दोघांना हळदकुंकू लावलं आणि झेंडूचे हार घातले. नारळ फुटला. आता यंत्र सुरू करायचा मान भास्करशेठांचा. हा माणूस आंब्याच्या दोन बागांचा नि दोन ट्रॉलरांचा मालक; शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून त्याच्या आजोबांनी सात वर्षं कोर्टात काढलेली. मान म्हणजे काय ते त्याला शिकवायची गरज नव्हती.

भास्करशेठ थोरल्याकडे वळले. हरिश्चंद्र पुढे झाला. "शेठ, आधी धाकटा..."

"अरे हरी, थोरला समोर असताना धाकट्याला पहिलं पान वाढतात काय?" सगळे हसले. बर्फवाले हसले, तांडेल हसले. "बाजूला हो. तुझ्या आगबोटीवर असतील तसल्या रीती."

हरिश्चंद्रच्या जिभेवर वाक्य आलं होतं. चार शब्दांचं वाक्य. पण समोर पूजा, चेअरमनच्या बोटाला कुंकू, सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं. सणाच्या दिवशी कुठे वाद? तो बाजूला झाला. थोरला घरघरत उठला. मग धाकट्याचं बटण दाबलं. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

संध्याकाळी सहाला तो एकटा पडद्यासमोर श्वास रोखून बसला. सव्वासहाला ओळ उमटली: बॅकअप पूर्ण. हरिश्चंद्रने हुश्श केलं. सापडला म्हणजे धाकटा. उशिरा का होईना, भेट झाली.

दुसऱ्या दिवशीही पूर्ण. तिसऱ्या दिवशीही पूर्ण. ऑक्टोबर सगळा पूर्ण, पूर्ण, पूर्ण.

तरी त्याच्या कानाला काहीतरी खुपत होतं. पूर्वी सहाला धाकटा बारीक कुरकुरायचा, उंदराने सुपारी कुरतडावी तसा. आता कुरकुरत नव्हता. थोरला मात्र त्या वेळी जास्तच धापा टाकायचा. हरिश्चंद्रने हे सावित्रीला सांगितलं. ती म्हणाली, "पंचावन्नच्या पुढे कानात असले आवाज येतात. कानात तेल घाला." गंगुबाईने गडग्यापलीकडून ऐकलं, आणि झालं.

"डबा बोलेनासा झाला काय रे तुझ्याशी? रुसला असेल. आमच्या सर्वेशला बोलवू काय? गॅरेजात सगळं दुरुस्त करतो."

सर्वेश तिचा एकुलता एक. महादेव गेल्यावर गंगुबाईने ग्रामदेवीसमोर नारळावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, समुद्रावर पाय ठेवणार नाही म्हणून. तेव्हा पोर दहा वर्षांचं. आता एकवीस वर्षांचा बाप्या, सावर्ड्याला मावसभावाच्या गॅरेजात कामाला, रविवारी घरी. तिचं सगळं हसणं-खिदळणं त्या एका शपथेवर उभं होतं, हे आळीत प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सहा वाजता पडद्यावर वेगळी ओळ आली. बॅकअप अयशस्वी. जागा शिल्लक नाही.

हरिश्चंद्रने धाकट्याची माहिती उघडून पाहिली. धाकटा सांगत होता, अर्ध्याहून जास्त जागा रिकामी आहे. पोट रिकामं असलेला माणूस ताटावरून उठून म्हणतो जेवलो, तसला प्रकार. त्याने पुण्याला फोन लावला.

"केबल बदला काका," शार्दूल घाईत होता. केबल बदलली. अयशस्वी.

शनिवारी मधला स्विच बंद करून चालू केला. अयशस्वी. रविवारी पासवर्ड पुन्हा घातला, धाकट्याला हाक मारून पाहिली. धाकटा लगेच ओ देत होता. वायर धड, रस्ता धड, घरात माणूस जागा, आणि टपाल मात्र पोचत नाही. सोमवारी शार्दूल म्हणाला, "फोल्डर उघडून बघा, फाइली येतायत का?"

हरिश्चंद्रने थोरल्यावरूनच ‘धाकटा’ नावाचं फोल्डर उघडलं. यादी भली लांब होती. शेवटच्या नकला बघितल्या: मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळ्या जागच्या जागी. "येतायत," तो म्हणाला. यादीचं शेपूट त्याने पाहिलं. डोकं पाहायचं राहिलं.

"मग थोरला रीस्टार्ट करून बघा."

हे मात्र हरिश्चंद्रने केलं नाही. थोरल्याचा घरघराट आता धक्क्यापर्यंत ऐकू जात होता. असला म्हातारा एकदा निजला तर उठेलच कशावरून? आणि बाहेर अकरा बोटी होत्या. अकरा बोटींवरची माणसं त्या एका पोटात होती, आणि चार दिवस त्यांची नवी नक्कल कुठेच झालेली नव्हती. तो भास्करशेठांना सांगायला गेला. शेठ बर्फाच्या लाद्या मोजत होते. "रविवारी शार्दूल येणारच आहे ना? बघेल. तू काळजी फार करतोस." हरिश्चंद्र खिडकीशी परत येऊन बसला. मंगळवारी संध्याकाळी वारा फिरला. या दिवसांत वारा जमिनीकडून यायला हवा. तो दक्षिणेकडून यायला लागला, ओला आणि कोमट. झोपडीच्या दारात जाळं विणणारे म्हातारे जाळं गुंडाळून आत गेले. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी आकाशाचा रंग तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा झाला. दहा वाजता टीव्हीवर इशारा आला. बोटींवर तो पोचायची सोय नव्हती. त्या किनाऱ्यापासून दूर, शंभर-शंभर वाव खोल पाण्यात होत्या. साडेदहाला लीला धावत आली.

"काका, नावांचं मशीन थिजलंय. माऊस हलतो, बाकी काय हलत नाही."

बर्फाचंही थिजलं होतं. डिझेलचंही. तिन्ही एकदम. थोरला घरघरत होता, पण आतलं कोणी हलत नव्हतं. अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला, आडवा. बारापर्यंत सोसायटीच्या पडवीत बायका जमायला लागल्या. डोक्यावर पोत्याचा घोंगता, हातात छत्र्या, आणि एकच प्रश्न, वेगवेगळ्या तोंडांनी. "आमचा कुठल्या बोटीवर हाय तेवढं सांगा." "जलदुर्गेवर गेला म्हणत होता, की खंडोबावर?" आत फोन वाजत होता. किनाऱ्याच्या मदतकेंद्रातून कोणीतरी विचारत होतं, बाहेर बोटी किती, माणसं किती, नावं काय.

भास्करशेठ दारात उभे राहिले. आवाज उतरलेला. "हरी, नावं दे."

हरिश्चंद्रकडे नावं नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तांडेलाच्या डोक्यात होती, आज थोरल्याच्या. त्याला रावजीची बायको दिसली, पडवीत बसलेली, शर्टाचा रंग विचारणारी.

एक वाजता लाइट गेली. यूपीएस शिट्टी मारायला लागला. त्याची बॅटरी फार तर पंचवीस मिनिटं टिकायची.

"धाकट्यावरून उठवूया," हरिश्चंद्र म्हणाला. "गुरुवारपर्यंतची तरी नावं मिळतील." त्याने दसऱ्याचा सुकलेला हार बाजूला करायला धाकट्याच्या टपावर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

डबा थंड होता. देवघरातल्या शाळुंकेसारखा थंड. झेंडूच्या पाकळ्यासुद्धा हलल्या नव्हत्या, जशा वाहिल्या तशाच सुकल्या होत्या. सव्वा महिना रोज संध्याकाळी ज्याच्या पोटात एवढं जेवण गेलं तो इतका थंड कसा?

आपट्याचं पान त्याच्या बोटाला लागलं. दसरा. थोरल्याला पहिलं पान.

त्याने थोरल्यावरचं फोल्डर उघडलं, आणि या वेळी यादी वरून वाचली. पहिली नक्कल दसऱ्याची. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं. गणपतीतल्या नकला कुठे गेल्या? नारळी पौर्णिमेच्या? मग सगळं एकदम उलगडलं. ‘धाकटा’ हे थोरल्यातल्या एका दरवाज्याचं नाव. धाकटा जागा असेल तर दरवाजा त्याच्याकडे उघडतो. तो झोपलेला असताना उघडला, तर मागे थोरल्याचीच एक रिकामी खोली. दसऱ्याला थोरला आधी उठला, धाकट्याला हाक मारली, ओ आली नाही, आणि त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी स्वतःची नक्कल स्वतःच्याच पोटात भरत बसला होता. वर "पूर्ण" म्हणून सांगत होता. खोटं नव्हतं ते. त्याच्या लेखी पूर्णच होतं. पोट गच्च झालं तेव्हा जागा नाही म्हणाला, आणि आज श्वास घ्यायलाही जागा उरली नाही तेव्हा थिजला. धाकट्याकडची नावं पावसाळ्यातली. आज काडीच्या उपयोगाची नाहीत.

"म्हणजे... मी सुरू केला म्हणून?" भास्करशेठांनी विचारलं.

"नाय शेठ. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी गप बसलो."

यूपीएसच्या शिट्ट्या लागोपाठ यायला लागल्या. धाकट्याला नव्याने जोडायला, नक्कल न्यायला वेळ नव्हता. एकच करता येत होतं. थोरल्याच्या पोटातल्या जुन्या नकला पुसून त्याला श्वास घ्यायला जागा करून द्यायची. चुकून भलतंच पुसलं तर अकरा बोटी पुसल्या. हरिश्चंद्रने चष्मा शर्टाला पुसला. "लीला, कागद घे. छापायला वेळ नाही. मी वाचतो, तू लिही."

त्याने दसऱ्याची नक्कल पुसली. मग दुसऱ्या दिवशीची. तिसऱ्या दिवशीची. सातवी पुसली तेव्हा पडदा थरथरला आणि नावांचं मशीन जागं झालं, जणू मधे काही घडलंच नाही.

तो वाचत सुटला. आगबोटीवर संकटाचा संदेश वाचायचे तशा आवाजात, सपाट, न थांबता. खंडोबा, आठ जण. मग आठ नावं. दर्याराजा, सात जण. पडवीतल्या बायका खिडकीशी सरकल्या होत्या. आपल्या माणसाचं नाव आलं की एखादीचा हुंदका यायचा. लीलाची पेन्सिल मोडली, तिने दुसरी घेतली. नववी बोट, दहावी बोट. यूपीएस आता अखंड किंचाळत होता.

"जलदुर्गा, सहा जण," हरिश्चंद्र म्हणाला. एक नाव. दुसरं. तिसरं. चौथ्याला थांबला.

"काका, चौथं?"

"सर्वेश महादेव पावसकर," तो फक्त लीलाला ऐकू जाईल असं म्हणाला.

लीलाने लिहिलं. ती देवरुखची, जूनपासून इथली; शपथेचं तिला ठाऊक नव्हतं. तांडेलाने खिडकीतून सांगितलेलं नाव तिने सोमवारी टाइप केलं होतं, आज लिहिलं. पाचवं. सहावं. आणि पडदा काळा झाला. थोरल्याची घरघर उतरत उतरत थांबली. पडवीत फक्त पावसाचा आवाज उरला.

शहात्तर नावं फोनवरून सांगितली गेली. भास्करशेठांनी स्वतः सांगितली, एकेक अक्षर फोडून.

हरिश्चंद्र संध्याकाळी घरी आला तेव्हा झाडं अजून वाकत होती. गडग्यापलीकडे गंगुबाई पडलेली कौलं गोळा करत होती, पदर खोचून. "जिवंत हायस काय रे हरी? मला वाटलं डब्यात जाऊन बसलास." आणि मग, थोड्या खालच्या आवाजात, "बाहेर कोणाकोणाची पोरं हाईत?"

"अकरा बोटी," तो म्हणाला.

"देवी माय राखो. आमचा तेवढा सुटला बाबा. सावर्ड्याला गाड्यांखाली निजलेला असेल."

हरिश्चंद्रच्या जिभेवर वाक्य आलं होतं. पण वाटलं, येईल बोट. सकाळपर्यंत येईल. आली की सांगायचीही गरज नाही. तो घरात गेला.

सकाळपर्यंत आठ बोटी लागल्या. दोन दाभोळच्या खाडीत शिरून वाचल्या होत्या, त्यांचा निरोप दहाला आला. जलदुर्गेचा निरोप नव्हता. बाराला मदतकेंद्रातून फोन आला: पाण्यात फळ्या दिसल्या, हिरव्या रंगाच्या. जलदुर्गा हिरवी होती. शोध चालू आहे, सहाही घरी कळवा. यादीवरून.

पाच घरी भास्करशेठ गेले. सहाव्या घरी जाताना हरिश्चंद्रच्या हातात लीलाने लिहिलेला कागद होता. घडी घालून घालून तो घडीवर फाटायला आला होता. गंगुबाईच्या दारात त्याने चपला काढल्या. ती चुलाणापुढे स्टोवर बांगडे तळत होती.

"ये. आज दारातून आलास, गडग्यावरून नाही? मेला वाटतं डबा?"

"मेला." तो उंबऱ्यातच बसला. "सव्वा महिना पोटातल्या पोटात भरत होता नि सांगत होता पूर्ण म्हणून. चूक माझी होती."

"बघ! मी म्हणत होते की नाही. असल्या डब्यांवर भरवसा ठेवू नये."

"गंगू, सर्वेशशी शेवटचं कधी बोललीस?"

तिचा उलथनं धरलेला हात थांबला. "रविवारी. का रे?" मग त्याच्या हातातला कागद तिला दिसला. अकरा वर्षांपूर्वी तिने असे चेहरे पाहिले होते. ते कागदाशिवाय आले होते, एवढाच फरक. "नाय हां हरी. तो शपथेवर हाय."

"जलदुर्गेवर. सोमवारी पहाटे, खिडकीवर नाव..."

"तुझा डबा खोटं बोलतो!" ती ओरडली. "आत्ताच म्हणालास! सव्वा महिना खोटं बोलला म्हणालास! दादूचं काय झालं होतं? आठव. सुतक धरलंत तुम्ही जिवंत माणसाचं!"

हरिश्चंद्रने मान खाली घातली नाही. "डबा नकलेचं खोटं बोलला गंगू. नावाचं नाय. नावं मी वाचलीत." आणि त्याने पहिल्यांदाच न विचारता पुढचं वाक्य बोलून टाकलं. "काल संध्याकाळी तू विचारलंस तेव्हाच मला ठाऊक होतं. बोट अजून सापडली नाय. माणसं शोधतायत, सहा म्हणून शोधतायत. पाच म्हणून नाय."

 पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने चुरगळलेली चिठ्ठी काढली, तिच्यावर सावर्ड्याच्या गॅरेजचा नंबर होता. मोबाइलची बटणं एकेक करून दाबली आणि कानाला लावला. पलीकडे कोणीतरी उचललं. हरिश्चंद्रला त्या बाजूचं ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं.

"सर्वेशला दे... कधीपासून?... रविवारपासून आलाच नाय?"

तव्यातले बांगडे करपून धूर घरभर झाला होता. हरिश्चंद्र उठला, पुढे झाला आणि त्याने स्टो बंद केला.